पोथी, शिळा आणि खिळे : मराठी पानाच्या मांडणीचा इतिहास

मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे आपणांवर मोठे ऋण आहे. अ. का. प्रियोळकरांचा भारतातील मुद्रणकलेवरील इंग्रजी ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांचा साक्षेपी अभ्यास १९७१ साली तीन खंडांत सादर केला. या दोघांच्या श्रमांवाचून पुढील लेखन संभवलेच नसते. तथापि आपल्या शाळांतून हा इतिहास ज्या रूपाने शिकविला जातो, त्यात पहिला छापखाना कोणाचा, पहिले पुस्तक कोणते, पहिले वृत्तपत्र केव्हा निघाले, एवढेच उरते. कोऱ्या कागदावर मजकूर कोठून सुरू करावा, चहूकडे किती जागा सोडावी, ओळीओळींत अंतर किती असावे, शीर्षक मजकुराहून वेगळे कसे दिसावे, हे ज्ञान मराठी माणसाने कोठून मिळविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच तर, इंग्रजी पुस्तके पाहून, असे उत्तर गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखकास हे उत्तर अपुरे वाटते. पानाच्या मांडणीची मूलतत्त्वे मराठीत छापखान्यापूर्वीच सांगितली गेली होती. पुढे साधन बदलले की ती विस्मरणात जात आणि नव्या साधनावर पुन्हा शिकावी लागत, असे या इतिहासात वारंवार घडलेले दिसते.

या प्रश्नाकडे आम्ही वळलो ते विद्वत्तेच्या हौसेने नव्हे. सुरत शहराच्या दक्षिण भागात पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. कापड रंगविण्याचे आणि छापण्याचे कारखाने हा तिचा प्राण होय. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य खानदेशी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत स्थिरावली आहेत. येथील मूल घरी अहिराणी बोलते, शाळेत मराठी शिकते, रस्त्यावर गुजराती व हिंदी ऐकते आणि दुकानांच्या पाट्यांवर तीन लिप्या एकाच वेळी पाहते. अशा वस्तीतील एका मराठी शाळेचा मी मुख्याध्यापक आहे. आमच्या शाळेचे हस्तलिखित वार्षिक अनेक वर्षे निघत असे. काही वर्षांपूर्वी ते संगणकावर जुळवून छापून घ्यावे असे ठरले, आणि त्या पहिल्या छापील अंकाने आमचे डोळे उघडले.

अंक हाती आला तेव्हा वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील रफारांत घुसलेले होते. बांधणीनंतर कडा कापताना पुष्कळ ओळींची शेवटची अक्षरे कापली गेली होती. कविता मध्यभागी, लेख कडेस, शीर्षके पाच तऱ्हांच्या अक्षरांत आणि प्रत्येक पानाभोवती फुलांची चौकट! ज्याने अंक जुळवून दिला तो मुलगा मेहनती होता. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण जुळवलेली पाने पाहून संमती आम्हीच दिली होती. सातवीतील एका विद्यार्थ्याचे वडील रात्रपाळी संपवून सकाळी शाळेत आले. मुलाचा निबंध त्यांनी वाचावयास घेतला आणि थोड्या वेळाने अंक खाली ठेवून म्हणाले, ‘‘सर, मराठी मला वाचता येतं, पण ह्यात ओळच सापडत नाही.’’ मराठी शाळेकडे पाठ फिरविण्यास पालकांजवळ कारणे आधीच पुष्कळ आहेत. वाचता न येणाऱ्या पानाची त्यांत आम्ही आणखी एक भर घातली होती.

ओळ का सापडत नाही, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा पहिले उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळाले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. परीक्षेपुरता दासबोध वाचणारे आम्ही तो समास सुंदर हस्ताक्षराचा उपदेश म्हणून वाचून सोडून देत आलो. तो पुन्हा वाचला तेव्हा ध्यानात आले की, यात अक्षराइतकाच पानाचा विचार आहे. ओळीचा ओळीस स्पर्श होऊ नये. वरच्या ओळीची खाली लोंबणारी चिन्हे आणि खालच्या ओळीच्या वर चढणाऱ्या मात्रा यांनी एकमेकींस भेदू नये. पान आधी शिशाने आखून घ्यावे आणि ओळींतील अंतर कोठे कमी कोठे अधिक होऊ देऊ नये. पहिल्या अक्षराचे वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावे, जणू सारे एकाच टाकाने लिहिले आहे. भोवताली जागा मोकळी सोडावी, म्हणजे कागदाची कड झिजली तरी अक्षर झिजणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी कामास येत नाही, म्हणून अक्षराचा आकार मध्यम ठेवावा, ही सूचना तर केवळ अनुभवी माणसालाच सुचावी. आमच्या अंकातील चुकांची यादी कोणी तीनशे वर्षे आधीच करून ठेवावी, तसे झाले. (पानाच्या कडेस सोडलेल्या जागेला मराठीत ‘समास’च म्हणतात. समास सोडण्याचा उपदेश समासातच यावा, ही योगायोगाची गंमत वर्गात सांगितली की मुले ती विसरत नाहीत.)

हे नियम केवळ उपदेशात नव्हते. पोथ्या लिहिणाऱ्या लेखकांच्या हातांत ते होते. जुनी पोथी समोर ठेवून पाहावी. पान आडवे, दोन्ही बाजूंस तांबड्या दुहेरी रेघांनी आखलेले समास, त्या समासांत ग्रंथाचे संक्षिप्त नाव आणि पानाचा अंक. शब्दाशब्दांत जागा नाही. पण दंड, श्लोकांचे अंक आणि अध्यायाची समाप्ती हिंगुळाने वा गेरूने तांबडी केलेली असते, म्हणून नजर नेमकी तेथे थांबते. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि त्यावर नवे अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. सर्वांत विलक्षण मांडणी त्रिपाठी पोथीची होय. तीत मूळ ग्रंथ पानाच्या मध्यभागी ठळक अक्षरांत असतो आणि त्याची टीका वर व खाली बारीक अक्षरांत चालते. मूळ कोणते आणि टीका कोणती हे एकही शब्द न वाचता कळते. महत्त्वाचे ते मोठे व मध्ये, दुय्यम ते लहान व कडेस, हे तत्त्व आज मांडणीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या आरंभी असते. आमच्या सुरतेच्या गोपीपुऱ्यातील जैन भांडारांनी अशी परंपरा जपली आहे. मात्र मराठी शिक्षकाने तिकडे आपला वारसा म्हणून पाहिल्याचे क्वचितच आढळते.

सुरतेचा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट येथेच सांगावी. समर्थांचे निर्वाण शके १६०३ मधील. त्याच दशकाच्या आसपास सुरतेत ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल भीमजी पारेख याने छापखान्याचा ध्यास घेतला होता. ब्राह्मणांचे जुने ग्रंथ छापावेत, अशी त्याची इच्छा. त्याच्या विनंतीवरून कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक, यंत्र आणि कागद यांसह पाठविला. हिल्स १६७४ साली मुंबईस पोहोचला. परंतु त्यास छापता येत असे, अक्षरे कोरता वा ओतता येत नसत. भीमजी स्वस्थ बसला नाही. त्याने आपल्याच माणसांकरवी ‘बनिया’ लिपीची अक्षरे करविली, आणि त्यांनी छापलेले काही कागद चांगले व वाचनीय दिसतात, असे सुरतेच्या वखारीने विलायतेस कळविले. एवढे होऊनही या उद्योगातून एखादा ग्रंथ निघाल्याचे आढळत नाही. प्रियोळकरांच्या ग्रंथातील ही हकीकत वाचताना भीमजीविषयी हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. यंत्र आले, कागद आला, पैसाही होता; अडले ते अक्षरापाशी. पुढे याच सुरतेत १७८७ साली जन्मलेल्या फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये मुंबईस छापखाना काढला आणि १८२२ साली ‘मुंबई समाचार’ सुरू केला. पण त्यांचे अक्षर गुजराती, म्हणजे शिरोरेषेवाचूनचे. देवनागरीचे अडलेले काम अन्यत्र सुटावयाचे होते.

ते १८०५ साली, परस्परांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणी सुटू लागलेले दिसते. नाना फडणविसांच्या आश्रयाने पुण्यात एक तांबट तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरावयास शिकला होता. या खटपटीमागे इंग्रज वकील मॅलेट याची प्रेरणा होती. १८०० साली नाना वारले. तो कारागीर मिरजेस गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयास गेला आणि १८०५ मध्ये मिरजेस गीता छापून पुरी झाली. तिकडे तंजावरास सरफोजीराजांनी त्याच वर्षी छापखाना घातला. तेथून १८०६ साली इसापाच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ निघाला. आणि बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनने विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ सालीच छापले.

पानाच्या दृष्टीने पाहिले तर मिरजेची गीता आणि श्रीरामपूरचे व्याकरण या दोन वेगळ्या जाती आहेत. तांब्याच्या पत्र्यावर सबंध पान एकदम, उलटे कोरले जाते. तेथे कारागीर हा पोथीलेखकच असतो, बोरूच्या जागी केवळ छिन्नी आली. ओळींतील अंतर, समास, अक्षराचे वळण, सारे त्याच्या डोळ्यांच्या ताब्यात. खिळ्यांच्या छपाईत पान असे अखंड नसते. ते शेकडो सुट्या तुकड्यांतून जुळवावे लागते, आणि हे तुकडे ज्या घडणीचे, ती घडण रोमन अक्षरासाठी जन्मलेली. कॅरीने व्याकरण देवनागरीत छापले, १८१० चा कोश मात्र मोडी खिळ्यांत. मोडी त्या काळी व्यवहाराची लिपी होती, तरी छापील मोडी टिकली नाही. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढतो आणि तिच्याखाली अक्षरांची साखळी न उचलत्या हाताने ओवीत जातो. जिचा सारा गुण न तुटण्यात आहे, ती लिपी तुकड्यांत तोडली की तिच्याजवळ काय उरणार? बाळबोध अक्षर स्वभावतःच सुटे. म्हणून छापखान्याने त्यास उचलले, असे माझे मत आहे. शासनाची व शाळांची धोरणे हे दुसरे कारण होय, पण ते सर्वज्ञात आहे.

महाराष्ट्रात सामान्य वाचकाच्या घरी छापील पान पोहोचले ते आधी शिळेवरून. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ही विद्या पाहून घेतली, यंत्र व शाई आपल्या कल्पनेने सिद्ध केली आणि १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग शिळाछापावर छापले. शाईत चरबी असते या समजाने धर्मनिष्ठ लोक छापील कागदास शिवत नसत. म्हणून त्यांनी शाईत तूप वापरले, असे सांगतात. ही कथा सर्वांस ठाऊक असते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांनी निवडलेले पुस्तक. पंचांगाइतकी मांडणीची कठीण परीक्षा दुसरी नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, त्यांच्या घटी व पळे, सण, ग्रहांची स्थिती. हे सारे एका पानावर रकान्यांत बसवायचे आणि खेड्यातल्या जोशाला संध्याकाळच्या दिव्याच्या उजेडात एका नजरेत सापडावयास हवे. शिळाछापात कसलेला लेखक विशेष शाईने कागदावर लिहितो आणि ते लिखाण दगडावर उतरविले जाते. म्हणजे पोथी लिहिणाऱ्याचा हात येथे जसाच्या तसा कामास येतो. दासबोधातील सारे नियम न बदलता दगडावर गेले. शिळेवर छापलेल्या पोथ्यांची आडवी पाने, तांबड्याच्या जागी काळ्या दुहेरी रेघा, शब्दांत न सोडलेली जागा पाहिली की, छापणाऱ्यास नवे पान घडवावयाचेच नव्हते हे स्पष्ट होते. त्यास जुने पान स्वस्त करावयाचे होते.

खरा बदल घडविला शिशाने. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे सुबक होत गेले. तेथेच लहानपणी कामास लागलेले जावजी दादाजी यांनी, राणोजी रावजी आरू या कुशल अक्षरकाराच्या साहाय्याने, १८६४ साली अक्षरांचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. देवनागरी अक्षर तीन मजल्यांचे आहे. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खालच्या मजल्यावर उकार व ऋकार. मुंबईत रुजलेल्या ‘डिग्री’ पद्धतीत हे तिन्ही मजले खरोखरच वेगळे जुळवीत. मधली ओळ भरावयाची, तिच्यावर मात्रांची ओळ, तिच्याखाली उकारांची ओळ. आणि जेथे मात्रा नाही, उकार नाही, तेथे कोरे तुकडे घालून पोकळी भरावयाची. इंग्रजी जुळारी एक ओळ लावी, तेवढ्यात मराठी जुळाऱ्यास तीन लावाव्या लागत. ‘अखंड’ खिळ्यांत मात्रा-उकार अक्षरासकटच ओतलेले असत. त्यात श्रम वाचत, पण खिळ्यांची संख्या अफाट वाढे. या संख्येवर तोडगा काढण्यासाठी लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाने केसरीच्या व्यापातून वेळ काढून खिळ्यांच्या सुधारणेचा विचार केला, यावरून हा प्रश्न किती जिकिरीचा होता हे कळावे.

माझे एक मामा खानदेशातील एका लहान छापखान्यात जुळारी होते. सुटीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसे. ते फर्म्यातील उलटी अक्षरे सुलट वाचल्याच्या वेगाने वाचीत. पहिला कागद निघाला की ते तो उलटा धरून, डोळे अर्धवट मिटून पाहत. मी विचारले, ‘‘मामा, उलटं धरून कसं वाचता?’’ ते म्हणाले, ‘‘वाचत नाही रे, काळं-पांढरं बघतो. कुठं गुठळी झालीय, कुठं भोक पडलंय.’’ पानाचा काळेपणा सर्वत्र सारखा असावा, हे तत्त्व त्यांना कोणी शिकविले नव्हते. पण ओळींनी एकमेकींस भिडू नये याची त्यांना कधी काळजी करावी लागली नाही, हे मात्र मला फार उशिरा उमगले. दोन ओळींच्या मध्ये धातूच असे. मात्रेचा मजला, उकाराचा मजला, शिवाय मधून घातलेल्या शिशाच्या पातळ पट्ट्या. शिशात शिसे घुसू शकत नाही. जो नियम पोथीलेखकाने आपल्या हाताने पाळला, तो छापखान्यात धातूने पाळला. म्हणून तो कोणी लिहून ठेवला नाही, शिकविला नाही आणि शिशाबरोबर तो निघून गेला. आमच्या अंकातील न सापडणाऱ्या ओळीचे कारण हेच होय.

शिशाच्या काळात आणखी काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. शब्दांत जागा सोडण्याची चाल छापील पुस्तकांनी रुजविली. विरामचिन्हे मेजर कँडी यांच्या प्रयत्नाने १८५० च्या सुमारास मराठीत स्थिरावू लागली. तोवर दंडाने भागत असे. रोमन लिपीत शीर्षकासाठी मोठी अक्षरे, जोर देण्यासाठी तिरकी अक्षरे, अशी सोय असते. आपल्या लिपीत मोठी-लहान अशी दोन कुळे नाहीत, आणि तिरके अक्षर आपल्या शिरोरेषेस मानवत नाही. इंग्रज मुद्रक शीर्षकातील अक्षरे एकमेकांपासून लांब मांडून ऐट आणतो. आपण तसे केले तर शिरोरेषाच तुटते. तेव्हा मराठी शीर्षकाजवळ उरतात तीन साधने : आकार, ठळकपणा आणि भोवतालची मोकळी जागा. पोथीत चौथे साधन होते, तांबडा रंग. एका शाईच्या छापखान्याने ते हिरावून घेतले. निर्णयसागरच्या संस्कृत काव्यांच्या आवृत्त्या पाहाव्यात. वर मूळ श्लोक ठळक, खाली मल्लिनाथाची टीका बारीक. मला तीत त्रिपाठी पोथीच दिसते. आडवे पान उभे झाले, एवढाच फरक.

दोन लिप्या एका पानावर आल्या की काय होते, हेही मराठीने फार लवकर अनुभवले. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी असे. रोमन अक्षर खालच्या अदृश्य रेषेवर उभे असते. देवनागरी अक्षर वरच्या रेषेस टांगलेले असते. दोघे शेजारी बसले की एकाचे पाय व दुसऱ्याचे डोके सरळ रेषेत आणण्याचा खटाटोप सुरू होतो. पांडेसऱ्यातील आमच्या शाळेच्या सूचनाफलकावर हा प्रश्न रोजचा आहे, त्यात गुजरातीची भर. गुजराती अक्षरास शिरोरेषा नाही, पण घडण देवनागरीचीच. म्हणून एकाच आकारात लिहिले तर गुजराती ओळ उघडीबोडकी वाटते आणि मराठी दाटलेली. फळ्यावर लिहिताना आमचे शिक्षक मराठीसाठी वरची रेघ आखतात आणि इंग्रजीसाठी खालची. गुजरातीसाठी काय करावे, यावर शिक्षकांच्या खोलीत एकमत होऊ शकलेले नाही.

विसाव्या शतकातील मासिकांचा विस्तार येथे करीत नाही. ‘मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक, चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी १९२० पासून घडविलेले मासिक, १९३५ साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत उपयोजित कलेचा सुरू झालेला विभाग, द. ग. गोडसे यांची मुखपृष्ठे, हा सारा इतिहास परिचित आहे. एवढेच म्हणावेसे वाटते की, या काळात मुखपृष्ठ कलावंताच्या हाती गेले आणि आतले पान जुळाऱ्याकडेच राहिले. वाचक वेळ घालवितो तो आतल्या पानावर. पण समीक्षेने दखल घेतली ती मुखपृष्ठाची.

संगणक आला तेव्हा जुळारी गेला. पुण्यास १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांची साधने घडविली, र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हे अक्षर रेखिले, जे संगणकाबरोबर घरोघरी पोहोचले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’सारखी अक्षरे विनामूल्य उपलब्ध केली. सुंदर अक्षरांचा आता दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो मामांच्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा. संगणक ओळींतील अंतर आपण होऊन ठरवितो. ते हिशेब पुष्कळदा रोमन अक्षरावरून केलेले असतात. तेथे धातू नसल्यामुळे ‘द्धृ’ सारख्या खोल जोडाक्षराने खालच्या ओळीतील ‘र्कीं’ च्या डोक्यावर पाय दिला तरी कोणी अडवीत नाही. दोन्ही कडा सरळ करण्याच्या हौसेने अरुंद रकान्यात आणखी एक आपत्ती येते. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दासच जोडली जात असल्याने शब्द लांब होतात. ‘कारखान्यासमोरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द अर्धा रकाना व्यापतो, मग उरलेल्या दोन शब्दांमध्ये खड्डा पडतो आणि पानावरून पांढरे ओघळ वाहू लागतात. जुना जुळारी अशा वेळी शब्द तोडून जोडरेघ देई.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या परप्रांतीय मराठी शाळांस विशेष जाचते. बाजारात मिळणारी पुष्कळ देवनागरी अक्षरे हिंदी वळणाची असतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे निश्चित केली. पण ज्या मुलाभोवतीची सारी देवनागरी हिंदी पाट्यांची आहे, त्याने ही रूपे पाहावयाची कोठे? शाळेच्या अंकात, नाहीतर कोठेच नाही. ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतील अर्धा रकार काही अक्षरसंचांत नीट उमटत नाही, तो रफार होऊन बसतो आणि शब्दाचा उच्चारच बदलतो. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांतील भेद गेला तर स्वयंपाकी आणि गुरू एकच होतात.

दुसऱ्या अंकाच्या वेळी आम्ही संगणकापासून सुरुवात केली नाही. आठवीच्या मुलांस दासबोधातील तो समास वाचून दाखविला, त्यांना कोरे कागद दिले आणि पाने शिसपेनने आखावयास सांगितली. बाहेरचा समास आतल्याहून मोठा का, खालचा वरच्याहून मोठा का, हे त्यांनी पुस्तक हातात धरून, अंगठा कोठे पडतो ते पाहून ठरविले. ओळींतील अंतर ठरविण्यासाठी प्रत्येकाने सर्वांत खोल आणि सर्वांत उंच अक्षरांचे शब्द शोधून एकाखाली एक लिहिले. एका मुलीने ‘मूर्तींवरून’ हा शब्द आणला, ज्यात तिन्ही मजले एकाच वेळी भरलेले आहेत. बारा पॉइंटच्या अक्षरास अठरा ते वीस पॉइंटची ओळ लागते, हे आम्हांस अशा रीतीने आढळले. अक्षरे दोनच तऱ्हांची घ्यावयाची, चौकट एकही नाही, डावी कड सरळ आणि उजवी जशी पडेल तशी, एवढे ठरले. चौकटी काढून टाकण्यावरून मुले रुसली होती, हे नमूद केले पाहिजे. त्यांची समजूत पटविण्यास दोन तासिका गेल्या.

अंक छापून आला. पहिल्या अंकातील ओळ न सापडलेले तेच पालक पुन्हा आले. ते कापडछपाईच्या कारखान्यात कामास आहेत. तेथे प्रत्येक रंगासाठी निराळी जाळी असते आणि एक जाळी सुताएवढी सरकली तरी फुलाची कड फुलाबाहेर पडते. त्यांनी निबंध वाचला, काही बोलले नाहीत. मग एक पान सुटे उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरले. कागदाच्या पाठपोट ओळी एकमेकींवर नेमक्या पडल्या आहेत की नाहीत, हे ते पाहत होते. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. चौदाव्या पानाशी ते थांबले आणि म्हणाले, ‘‘सर, हे अर्धी ओळ खाली उतरलंय.’’ आम्ही मोजून पाहिले. शीर्षकाखाली सोडलेली जागा दीड ओळीची होती. ती दोन ओळींची हवी होती.